ऐकायचं, पण बोलायचं नाही!

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी वॉकी-टॉकी जवळून पाहिला आहे? गणपती विसर्जनाच्या रात्री बंदोबस्तावरच्या पोलिसकाकांच्या खांद्यापाशी तो खरखरत असतो. मध्येच कुणीतरी काहीतरी बोलतं, काका मान तिरकी करून उत्तर देतात आणि आपल्याला त्यातलं एक अक्षर कळत नाही. लहानपणी मला वाटायचं, हा डबा आपल्याला मिळाला तर काय बहार येईल! तो मिळाला नाही हे किती बरं झालं, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेही माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याच्या खोलीत बसून.

माझी ताई अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळ राहते. तिच्याकडे गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी मी भाच्याच्या टेबलावरचा एक जाडजूड काळा वॉकी-टॉकी सहज उचलला. तर हा पठ्ठ्या जिन्यावरून ओरडत आला, “मामा, ठेव तो खाली! आधी ठेव!” मला वाटलं महागाची वस्तू, पडेल म्हणून घाबरला असेल. महाग तर तो होताच. अशा सेटची नवी किंमत काही हजार डॉलर असते. पण घाबरण्याचं कारण वेगळंच होतं. ते सांगण्याआधी हा डबा काय करतो ते समजून घेऊ.

आपल्या आजी-आजोबांना विचारा, ते ‘ट्रंक कॉल’ करायचे. परगावी फोन लावायचा तर एक्स्चेंजला सांगून वाट पाहत बसावं लागे. गावागावांतली एक्स्चेंज जोडणाऱ्या मुख्य तारांना ट्रंक म्हणत. तारा थोड्या, बोलणारे पुष्कळ. त्यामुळे जी तार मोकळी होईल ती पुढच्या माणसाला द्यायची. किती माणसांना किती तारा पुरतील याचं गणित डेन्मार्कच्या आग्नेर एर्लांग नावाच्या गणितज्ञाने मांडलं. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होता आणि त्याचा पहिला निबंध १९०९ साली छापून आला. आजही टेलिफोनची वर्दळ ‘एर्लांग’ या एककातच मोजतात.

हीच युक्ती पुढे वॉकी-टॉकीला लावली. पूर्वी काय व्हायचं? पोलिसांना एक फ्रीक्वेन्सी, अग्निशमन दलाला दुसरी, रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्यांना तिसरी. बर्फवाले उन्हाळाभर गप्प, त्यांची फ्रीक्वेन्सी रिकामी. आणि पोलिसांच्या फ्रीक्वेन्सीवर मात्र बोलायला जागा नाही! रेल्वेच्या तिकिटाच्या पाच खिडक्या आहेत, प्रत्येकीसमोर वेगळी रांग आहे आणि आपलीच रांग हलत नाही, असं तुमचंही झालं असेल. त्याऐवजी सगळ्यांची एकच रांग केली आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढच्याने जायचं असं ठरवलं तर? त्याच पाच खिडक्यांत जास्त माणसांचं काम होतं, कुणी चिडतही नाही. ट्रंक पद्धतीचा रेडिओ म्हणजे हेच.

मग कुठल्या खिडकीवर जायचं हे सांगणार कोण? त्यासाठी एक फ्रीक्वेन्सी राखून ठेवलेली असते. तिला कंट्रोल चॅनल म्हणतात. तिच्यावर माणसं बोलत नाहीत, फक्त संगणक बोलतो, तोही दिवसरात्र, न थांबता. जुन्या मोटोरोला पद्धतीत सेकंदाला ३,६०० बिट, नव्या पी-२५ पद्धतीत ९,६००. समजा, एका जवानाने बटण दाबलं. त्याचा सेट कंट्रोल चॅनलवर कुजबुजतो, “मी अमुक क्रमांकाचा सेट, मला तमुक गटाशी बोलायचंय.” टॉवरमागचा संगणक मोकळी फ्रीक्वेन्सी शोधतो आणि त्या गटातल्या सगळ्या सेटना हुकूम सोडतो, “चला, त्या फ्रीक्वेन्सीवर!” सगळे सेट उडी मारतात. जवानाच्या कानात ‘टिंग’ असा आवाज येतो आणि तो बोलू लागतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. पुढचं वाक्य कदाचित निराळ्याच फ्रीक्वेन्सीवरून जाईल. जवानाला त्याचा पत्ताही नसतो. त्याला ठाऊक असतो तो फक्त आपला गट, म्हणजे टॉकग्रुप.

अमेरिकेत घरी बसून असे रेडिओ ऐकण्याचा छंद फार जुना आहे. त्यासाठी मिळणाऱ्या यंत्राला स्कॅनर म्हणतात. ट्रंक पद्धत आली आणि या छंदवाल्यांची पंचाईत झाली. एक वाक्य आगीचं, पुढचं कचऱ्याच्या गाडीचं, त्यापुढचं शाळेच्या बसचं! रहस्यकथेची पानं कुणी पत्त्यांसारखी पिसून ठेवावीत तसा प्रकार. १९९७ साली युनिडेन कंपनीने कंट्रोल चॅनलचं बोलणं समजणारा स्कॅनर बाजारात आणला, तेव्हा कुठे गोष्टी पुन्हा सलग ऐकू येऊ लागल्या.

आता तुम्ही विचाराल, पोलिसांनी आणि अग्निशमन दलाने एवढा खटाटोप केला कशाला? जागा वाचते, हे एक कारण. दुसरं कारण दुःखाचं आहे.

१४ जून १९९० च्या रात्री ओहायोतल्या शेडीसाइड गावाजवळ ढगफुटीसारखा पाऊस झाला. पाइप क्रीक आणि वीगी क्रीक हे एरवी गुडघाभर पाण्याचे ओढे. त्या रात्री त्यांनी घरंच्या घरं उचलून नेली. २६ माणसं गेली. मदतीला निरनिराळ्या खात्यांची पथकं धावली, पण त्यांचे रेडिओ निरनिराळ्या फ्रीक्वेन्सींचे. शेजारी उभ्या असलेल्या दोन पथकांना एकमेकांशी रेडिओवर बोलता येईना. पुढे ओहायोने सगळ्या राज्यासाठी एकच ट्रंक यंत्रणा उभारली. तिचं नाव ‘मार्क्स’. ती उभारताना शेडीसाइडच्या त्या रात्रीची आठवण वारंवार काढली गेली.

न्यूयॉर्कचं तर तुम्ही ऐकलंच असेल. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरचा पहिला मनोरा कोसळला. दुसराही टिकणार नाही, असं पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होतं आणि तसा इशाराही दिला गेला. पण तो पोलिसांच्या रेडिओवर. दुसऱ्या मनोऱ्यात जिने चढणाऱ्या अग्निशमन जवानांचे रेडिओ वेगळे होते. बाहेर पडण्याचा त्यांच्या अधिकाऱ्यांचा हुकूमही सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. त्या दिवशी त्या दलाचे ३४३ जण गेले. सगळे काही रेडिओमुळे गेले असं कुणी म्हणणार नाही. पण चौकशी आयोगाच्या अहवालात रेडिओवर पानंच्या पानं आहेत.

त्यानंतर ‘सगळ्यांशी बोलू शकेल असा एक सेट द्या’ ही मागणी जोरात पुढे आली. हे वाटतं तितकं सोपं नाही. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीला लांब एरियल लागतं, ८०० मेगाहर्ट्झला बोटभर पुरतं. आतली मंडळंही निराळी. तरी २००८ नंतर असे बहुपट्टा, म्हणजे मल्टीबँड सेट बाजारात येऊ लागले. व्हीएचएफ, यूएचएफ, ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झ, सगळं एकाच मुठीत. माझ्या भाच्याच्या टेबलावर होता तो असाच एक सेट. तो त्याचा नव्हता. शेजारच्या आजोबांचा होता.

हे आजोबा गोरे, उंच, पांढऱ्या मिशांचे. तीस वर्षं अग्निशमन दलात काढून निवृत्त झालेले. ताईच्या घरी त्यांचं नाव ‘बंबवाले आजोबा’. त्यांनी तो सेट जुन्या बाजारातून घेतला होता, निव्वळ ऐकण्यासाठी. मी विचारलं, “ऐकायला साधा स्कॅनर पुरला नसता का?” त्यावर आजोबांनी मला खिडकीशी नेलं आणि दूरचे तीन टॉवर दाखवले.

शहरात एका टॉवरने भागत नाही, म्हणून अनेक टॉवर एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर, तेच बोलणं पाठवतात. आता असं समजा की गणेशोत्सवात एकाच मंडळाचे कर्णे चौकाच्या तीन टोकांना लावलेत. एका कर्ण्याखाली उभे राहिलात तर आरती स्वच्छ ऐकू येते. पण मधोमध उभे राहा! तिन्हीकडून आवाज मागेपुढे पोहोचतो आणि नुसता गोंगाट होतो. ताईचं घर टॉवरांच्या नेमकं मधोमध. रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने येतात, तरी काही मिलिसेकंदांच्याही छोट्याशा भागाचा फरक डिजिटल आवाजाची खिचडी करायला पुरतो. साध्या स्कॅनरला ही खिचडी निवडता येत नव्हती. जवानांसाठी बनवलेल्या सेटला ती येते, कारण तो त्याच कामासाठी घडवलेला असतो. (२०१८ मध्ये अशी खिचडी निवडणारा स्कॅनरही निघाला. पण आजोबा म्हणाले, तीस वर्षं जे हातात धरलं त्याचीच सवय आहे.)

आजोबांनी भाच्याला तो सेट प्रोग्रॅम करायला दिला होता. भाच्याकडे अमेरिकेचा हॅम रेडिओचा परवाना आहे. तिथे त्याला वयाची अट नाही. त्याचं डोकं या कामात चांगलं चालतं. त्याने मला सगळं दाखवलं. सेट केबलने संगणकाला जोडायचा. आधी सेटमधलं जे आहे ते वाचून जपून ठेवायचं. “मामा, हे विसरलास तर गेलास!” मग यंत्रणेचा क्रमांक, कंट्रोल चॅनलच्या फ्रीक्वेन्सी आणि टॉकग्रुपचे आकडे भरायचे. वरच्या गोल खटक्याला सोळा जागा असतात. कोणत्या जागेवर कोणता गट ते ठरवायचं. सोळा जागांचा मिळून एक झोन. ही सगळी माहिती ज्या फायलीत राहते तिला कोडप्लग म्हणतात. यंत्रणेचा क्रमांक कधी ० ते ९ आकड्यांत लिहितात, तर कधी त्यात ए पासून एफ पर्यंतची अक्षरंही येतात. एकात लिहिलेला आकडा दुसऱ्यात भरला की सेट मुका! भाच्याने एक अख्खा रविवार यात घालवला होता. मला त्याचं कौतुक वाटलं. मी असतो तर तासाभरात चहा करायला उठलो असतो.

आजोबांची अट एकच होती: फाइल तयार कर, पण मी पाहिल्याशिवाय सेटमध्ये लिहायची नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ते आले. चष्मा लावून एकेक पान पाहत बसले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. भाचा कंटाळून खुर्चीत गोल गोल फिरायला लागला. आणि चौथ्या झोनपाशी आजोबांचं बोट थांबलं.

त्याचं असं आहे. स्कॅनर हा नुसता कान आहे. हा सेट म्हणजे कान आणि तोंड दोन्ही. ट्रंक यंत्रणेचा सेट सुरू केला की बटण न दाबताही तो स्वतःहून टॉवरला हाक मारतो, “मी आलो, माझा क्रमांक अमुक, माझा गट तमुक, माझी हजेरी लावा.” म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी तो गप्प बसत नाही! परवाना नसताना अशी हाक मारणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर तर यंत्रणेच्या मालकाने दिलेली डिजिटल किल्ली असल्याशिवाय तिचा तपशील भरूच देत नाही. काही सेटमध्ये मात्र ‘हजेरी न लावता नुसतं ऐक’ अशी सोय असते. आजोबांनी हाच सेट निवडला तो त्या सोयीसाठी. पण ती प्रत्येक झोनला वेगळी चालू करावी लागते. भाच्याने ती तीन झोनला केली होती, चौथ्याला विसरला होता.

आणखी एक होतं. सेटच्या डोक्यावर नारिंगी बटण असतं. जवान धुरात अडकला, छत अंगावर आलं, की त्याने ते दाबायचं. भाच्याने कुणाच्या तरी तयार फायलीवरून सुरुवात केली होती. त्या फायलीत हे बटण जिवंत होतं. मी सकाळी तो सेट उचलला तेव्हा माझा अंगठा नेमका कुठे होता, ते मला आठवेना. सेट बंद होता आणि ही नवी फाइल त्यात गेलेलीही नव्हती, तरी माझे हात गार पडले. भाचा ओरडला होता तो याच बटणासाठी. आपण ते बंद केलंय की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

“दाबलं गेलं असतं तर?” भाच्याने विचारलं.

आजोबा शांतपणे म्हणाले, “नियंत्रण कक्षात पडदा लाल होतो. अनोळखी क्रमांक दिसतो. तिथली मुलगी विचारते, कोण आहे, कुठे आहेस? उत्तर नाही. ती पुन्हा विचारते. त्या वेळी खरोखरच्या आगीत कुणी बोलत असेल तर त्याला थांबावं लागतं. अधिकारी आपली माणसं मोजायला लागतो. मी मोजली आहेत अशी माणसं. एक जास्त भरो की कमी, पोटात गोळा तेवढाच येतो.”

भाचा रडवेला झाला. आजोबा त्याला रागावले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, “चल, पहिल्या झोनपासून पुन्हा.” त्या दोघांनी चारही झोन तपासले, नारिंगी बटणासमोर ‘काही नाही’ असं भरलं, बोलण्याचं बटणही निकामी केलं आणि मगच फाइल सेटमध्ये उतरवली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. ताई दोनदा जेवायला हाक मारून गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, आम्हीही असा सेट घेऊ. थांबा! तिथे ऐकायला परवानगी आहे, पण तीही मोकाट नाही. १९३४ च्या कायद्याप्रमाणे असं ऐकलेलं बोलणं दुसऱ्याला सांगून स्वतःचा फायदा करून घेता येत नाही. इंडियाना, फ्लोरिडा, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत. आणि अलीकडे पोलीस आपलं बोलणं कुलूपबंद म्हणजे सांकेतिक करू लागले आहेत. शिकागोत २०२२ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये हे काम जोरात सुरू झालं. चोर ऐकतात, लोकांची खासगी माहिती फुटते, असं पोलीस म्हणतात. पोलीस काय करतात हे नागरिकांना कळलंच पाहिजे, असं वार्ताहर म्हणतात. मला विचाराल तर दोघांचंही पटतं. पण आगीच्या बंबाचं बोलणं लपवण्यात काय मिळतं, ते मला अजून समजलेलं नाही.

आपल्याकडे मुळातच गोष्ट वेगळी आहे. १९३३ सालच्या कायद्यापासून भारतात बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगणंही गुन्हा ठरत आलं आहे. पोलिसांचं बोलणं गंमत म्हणून ऐकणं आपल्याकडे चालत नाही. तेव्हा पालकांनो, ऑनलाइन दुकानात स्वस्तातला चिनी वॉकी-टॉकी दिसला म्हणून वाढदिवसाला आणू नका. आधी त्याला परवाना लागतो का ते पाहा.

मग आपल्या मुलांनी करायचं काय? बारा वर्षं पूर्ण झाली की आपल्याकडेही हॅम रेडिओची परीक्षा देता येते. केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची परीक्षा असते. पास झालात की ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं आणि हॅमसाठी राखलेल्या पट्ट्यांत तुम्हाला ऐकताही येतं, बोलताही येतं. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हॅम अंदमानात पोर्ट ब्लेअरला छंद म्हणून रेडिओ लावायला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि त्यांच्या केंद्रावरून बेटावरच्या माणसांची खुशाली बाहेर जाऊ लागली. असे सेट घरच्या गच्चीवरून चालवायला शिकवणारे हॅम क्लब पुण्या-मुंबईतही आहेत.

निघायच्या आदल्या रात्री कोलंबसला वादळ झालं. विजा चमकत होत्या. भाच्याने विचारलं, “मामा, ऐकायचं?” सेट खिडकीत ठेवला. बराच वेळ पडलेली झाडं, तुटलेल्या तारा, असंच चाललं होतं. मग एका घराला आग लागल्याची वर्दी आली. पत्ता सांगितला गेला. भाच्याच्या हातात पेन होतं, त्याने ते खाली ठेवलं. आजोबांनी त्याला शिकवलं होतं, पत्ते लिहायचे नाहीत.

आवाज आश्चर्य वाटावं इतके शांत होते. आपण दूधवाल्याशीसुद्धा याहून जोरात बोलतो. तीन माणसं आत गेली. थोड्या वेळाने बाहेरच्या अधिकाऱ्याने सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि मोजायला सुरुवात केली. एकाने उत्तर दिलं. दुसऱ्याने दिलं. मग नुसती शांतता. मी खिडकीच्या कठड्याला धरून उभा होतो. भाचा ओठ चावत होता. किती सेकंद गेले कोण जाणे. अखेर तिसरा आवाज आला, धापा टाकणारा, आणि अधिकारी म्हणाला, “सगळे आले.”

सकाळी ताईने चहा ओतता ओतता विचारलं, “रात्री एवढा वेळ काय ऐकत होतात रे दोघं?”

भाचा टोस्टला लोणी लावत होता. म्हणाला, “काही नाही गं. सगळे बाहेर आले.”